परदेशात 'सेवेला' जाणारे शिकतात, पण कोणाच्या खर्चाने?

चकवा:
अमेरिकेची पीस कोअर, म्हणजे स्वयंसेवकांना परदेशात पाठवणारी सरकारी संस्था, १९६१ ची. तिच्या तीन उद्दिष्टांतलं एक उघडच सांगतं, अमेरिकन लोकांना बाहेरची माणसं कळावीत. म्हणजे जाणाऱ्यानं शिकून यायचं हे पहिल्यापासून ठरलेलं. मग दोन आठवडे नेपाळात शाळा रंगवायला जाणाऱ्या पोरांची एवढी टिंगल कशाला? भिंत वाकडीतिकडी रंगली तरी नळ नसलेल्या घरात राहून आलेलं पोरगं जरा भानावर येतं. मला सौदा वाईट वाटत नाही.

रोखठोक:
शिकतात हो, पण फी कोण भरतं? कंबोडियातल्या अनाथालयांत बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफनं केव्हाच दाखवलंय. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुलं गोळा होतात. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा. गळ्यात पडा, फोटो काढा, टाटा करा. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनं २०१७ साली आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत याची दखल घेतली ती उगाच नाही.

मैत्रेयी:
पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ साली, अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरमधून आपल्या विक्रोळीला आल्या होत्या. गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात काम केलं, जवळजवळ दोन वर्षं राहिल्या. बाई मुळात नर्स. हाताला काम येत होतं म्हणून विक्रोळीला उपयोग झाला, शिकणं ओघानं आलं.

चकवा:
अनाथालयांचं मीही समर्थन करत नाही, तिथे बंदीच हवी. पण नर्स नसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं घरीच बसायचं का?

रोखठोक:
इव्हान इलिच या विचारवंतानं १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं: बघायला या, डोंगर चढा, शिका, फक्त मदतीला येऊ नका. तसंच जा की. राहण्याजेवणाचे पैसे द्या, भाषा शिका. भिंत गावच्या रंगाऱ्याला रंगवू द्या, त्याची रोजी सुटेल.

अडगळ:
तो रंगारी कतारला गेलाय. (त्याच्या परदेशवारीचं प्रमाणपत्र कोणी देत नाही, ते असो.)

चकवा:
नुसतं शिकायला जायला आईबाप पैसे सोडत नाहीत, रोखठोक. कॉलेजच्या अर्जात सेवा दिसावी लागते.

रोखठोक:
मग अर्ज तपासणाऱ्यांनी त्या शाळेचं पत्र मागावं. पोरगं कसं होतं, हे तिथल्या बाईंनी लिहू दे.