'सीमापार दडपशाही' म्हणावे की आणखी काही?

गंगापूर रोड, प्रश्न विचारणारी

एका शब्दापाशी अडले आहे. आमच्या नाशिकच्या वाचन मंडळात शनिवारी मला 'ट्रान्सनॅशनल रिप्रेशन' या विषयावर बोलायचे आहे. एखादे सरकार परदेशी गेलेल्या आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवते, धमकावते, कधी उचलून नेते, कधी मारूनही टाकते, तो हा प्रकार.

विषय घरातून आला. मुलगा म्युनिकला शिकतो. त्याच्या शेजारच्या खोलीत एक उइगुर मुलगा राहतो, म्हणजे चीनच्या शिनजियांगमधल्या मुस्लिम समाजातला. वाढदिवसाला फोटो काढायची वेळ आली की तो उठून स्वयंपाकघरात जातो. दोन वर्षांत आईचा फोन एकदाच आला. तब्येत, थंडी, जेवणखाण एवढेच बोलली, आणि ठेवताना म्हणाली, तिकडच्या सभांना जात जाऊ नकोस. तिच्या शेजारी कुणीतरी बसले होते, हे त्याला आवाजावरून कळले.

याला मराठीत काय म्हणू? 'राष्ट्रपार दमन' सुचले होते, पण ते बोलताना जिभेवर बसत नाही.

पंचवटी, निवृत्त मराठी शिक्षक

ताई, 'दमन' सोडून द्या. मराठीत दमन इंद्रियांचे होते. सरकार करते ती दडपशाही. अडचण तिच्या आधी लावायच्या शब्दाची आहे. 'सीमापार' म्हटले की वाचकाच्या मनात पुढचा शब्द 'दहशतवाद' उमटतो आणि तो थेट काश्मीरला पोचतो. 'हद्दपार' आणि 'तडीपार' यांचे अर्थ तर कधीच ठरून गेले आहेत. त्या दोन्हींत सत्ता माणसाला हद्दीबाहेर काढते आणि तिथे तिचे काम संपते. तुमच्या विषयात माणूस आधीच बाहेर आहे आणि सत्ता मागून येते आहे. आपले हे 'पार'वाले शब्द जाणाऱ्याला लागतात, पाठलाग करणाऱ्याला लागत नाहीत. म्हणून सहज काही सुचत नाही.

सातपूर, वकिली करतो

गुरुजी, मला 'शाही'बद्दलही शंका आहे. शाही म्हणजे जिथे हुकूम चालतो. परक्या देशात हुकूम चालत नाही, म्हणून तर आडवाटा शोधाव्या लागतात. त्यातली सगळ्यात साधी वाट म्हणजे कागद. बेलारूसने सप्टेंबर २०२३ मध्ये फर्मान काढून परदेशातल्या वकिलातींमधून पासपोर्टचे नूतनीकरण बंद केले. नवा हवा तर मायदेशी या, आणि आलात की हातात सापडलात. सौदी पत्रकार जमाल खशोगी २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात गेले तेही लग्नासाठी लागणाऱ्या कागदासाठीच. ते बाहेर आलेच नाहीत. हाँगकाँगने जुलै २०२३ मध्ये परदेशातल्या आठ कार्यकर्त्यांवर प्रत्येकी १० लाख हाँगकाँग डॉलरचे इनाम लावले, म्हणजे धरण्याचे काम दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवले.

दुसरे असे की, 'आपले नागरिक' हा शब्दप्रयोग कायद्याने नेहमी बरोबर ठरत नाही. चीनमध्ये जन्मलेले पुस्तकविक्रेते ग्वी मिनहाय स्वीडनचे नागरिक होते, तरी २०१५ मध्ये थायलंडमधल्या पट्टायातून नाहीसे झाले आणि पुढे चीनच्या कोठडीत दिसले. 'मूळचे रहिवासी' म्हणा, किंवा सरळ 'आपली माणसे'. त्या सरकारांचा समजही तोच आहे की पासपोर्ट बदलला तरी माणूस आमचाच.

सिडको, विद्यार्थिनी

'पाळत' आणि 'टेहळणी' एकच नाहीत ना? माझ्या कानाला टेहळणी बुरुजावरून होते, साऱ्या मुलखाची. पाळत एका माणसाची असते, त्याचे नाव-गाव माहीत असलेली. खशोगींच्या कॅनडातल्या एका सहकाऱ्याच्या फोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर असल्याचे टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने त्या खुनाच्या आदल्याच दिवशी प्रसिद्ध केले होते. ती पाळतच.

भगूर

शब्द शोधताय तर आपल्याच जिल्ह्याकडे बघा. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे नाशिकच्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याच वर्षी लंडनमध्ये एक कार्यालय निघाले, पुढे 'इंडियन पॉलिटिकल इंटेलिजन्स' या नावाने ओळखले गेलेले. परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवणे हेच त्याचे काम. आमच्या गावचे सावरकर मार्च १९१० मध्ये लंडनला पकडले गेले. ८ जुलैला मार्सेलिसच्या बंदरात त्यांनी बोटीतून उडी मारली, फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, आणि फ्रेंच पोलिसानेच त्यांना परत इंग्रजांच्या हाती दिले. हेगच्या लवादाने १९११ मध्ये निकाल दिला की इंग्लंडने त्यांना फ्रान्सकडे सोपवण्याची गरज नाही. तिकडे कॅनडात व्हँकुव्हरमध्ये हॉपकिन्सन नावाचा अधिकारी पंजाबी मजुरांमध्ये खबरे पेरत होता. १९१४ मध्ये मेवा सिंग यांनी त्याला कोर्टातच गोळी घातली.

राज्य परक्यांचे होते, हा फरक मोठा आहे. पण पद्धत तीच, आणि आश्रय देणाऱ्या देशाचा पोलीस हात देतो तोही तसाच. त्या काळी लोक याला 'पाठीवर असणे' म्हणत. आमचे आजोबा म्हणायचे, "पोलीस त्यांच्या पाठीवर होते." मला वाटते 'पाठलाग' हा शब्द तुमच्या मथळ्यात यायला हवा.

सातपूर

कॅनडाचा विषय निघाला म्हणून एक जपून सांगतो. खलिस्तानवादी नेते हरदीपसिंग निज्जर यांच्या कॅनडातल्या खुनाबाबत सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी भारतावर बोट ठेवले आणि भारताने ते साफ नाकारले. ताई, बोलताना 'आरोप' आणि 'कृत्य' हे शब्द प्रत्येक देशासाठी एकाच मापाने वापरा. दुसऱ्याचे ते कृत्य आणि आपला तो आरोप, असे झाले तर ऐकणारा पुढचे ऐकणार नाही.

पंचवटी

भगूरकर पाठीवर म्हणाले आणि मला 'ससेमिरा' आठवला. चौकशीचा ससेमिरा, वसुलीचा ससेमिरा आपण रोज लिहितो, त्याची गोष्ट मात्र विसरलो. विक्रमाच्या कथांत ती आहे. वाघाच्या भीतीने राजपुत्र झाडावर चढतो. तिथे अस्वल असते, ते त्याला अभय देते. रात्री दोघे आळीपाळीने झोपतात. अस्वल राजपुत्राच्या मांडीवर विश्वासाने झोपले असताना तो त्याला खाली वाघाकडे ढकलतो. अस्वल सावरते, पण राजपुत्राला वेड लागते आणि तो 'स-से-मि-रा' एवढेच बरळत सुटतो. ती चार श्लोकांची आद्याक्षरे. पहिला श्लोक विचारतो, विश्वासाने मांडीवर झोपलेल्याला मारण्यात कसला आला पुरुषार्थ?

विश्वास टाकणाऱ्याचा घात, न सुटणारी पाठ, दोन्ही या एका शब्दात आहेत. शास्त्रीय लेखात 'सीमापार दडपशाही' असू द्या, वाचकाला सवय होईल. बोलताना ससेमिरा म्हणा.

जेलरोड

आणि घरच्यांना धरून परदेशातल्या माणसाला गप्प करतात त्याला 'ओलीस' म्हणा. 'नातेवाइकांवर दबाव' हे फार मऊ आहे.

गंगापूर रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा 'सीमापार दडपशाही' ठेवते, बोलताना ससेमिरा, आणि आईच्या त्या फोनबद्दल सांगताना ओलीस. वकीलसाहेबांची सूचना वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे.

उइगुर भाषेत याला काय म्हणतात, हेही मुलाकरवी त्याच्या मित्राला विचारणार होते. मेसेज लिहिला आणि पुसून टाकला. मुलगा दिवाळीला घरी येईल तेव्हा विचारीन.