मदत हवी आहे: 'मुगेन ट्रेन' – नवऱ्याला पिक्चर दाखवू की तेच सात भाग?

मंडळी, आधीच सांगते, मी यातली नव्हे. लेक नववीत. गेल्या पावसाळ्यात पाय मोडून सहा आठवडे घरात पडून होता, तेव्हा त्याला सोबत म्हणून मी शेजारी भाजी निवडत बसायचे. तो 'डिमन स्लेअर' ही जपानी ॲनिमेशन मालिका बघत होता. पहिले दोनतीन भाग माझं लक्ष गवारीवरच होतं. मग एकदा मीच विचारलं, "अरे, त्या बहिणीच्या तोंडात बांबू का घातलाय?" झालं! पहिल्या सीझनचे २६ भाग आठवड्यात संपले आणि गवार दोन दिवस फ्रीजमध्ये सुकली.

आता अडचण. सव्विसावा भाग संपतो तेव्हा ही पोरं आगगाडीत चढतात. पुढे काय म्हणून बघावं, तर एकाच नावाच्या दोन गोष्टी: एक 'मुगेन ट्रेन' पिक्चर, ११७ मिनिटांचा, आणि एक 'मुगेन ट्रेन' सात भागांची. लेक बाबांबरोबर प्लास्टर काढायला गेला होता, मी एकटीच घरी. लावला पिक्चर. शेवटी इतकी रडले की शेजारच्या काकू बेल वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक ना?

लेक घरी आल्यावर माझ्यावरच उखडला. "आई, पिक्चर कशाला बघितलास! सात भागांत जास्त आहे!" मग त्याच्या समाधानासाठी तेही बघितलं. तीच चित्रं, तेच आवाज, तीच मारामारी. पण डोळ्यांतून टिपूस नाही. त्याचं म्हणणं, तुला शेवट माहीत होता म्हणून. मलाही पटलं. पण पंधरा दिवसांनी पिक्चर पुन्हा एकटीने लावला, तर पुन्हा तीच गत! म्हणजे शेवट माहीत असणं हे काही कारण नाही.

एकच प्रसंग सांगते (स्वप्नाचा आहे, शेवट फोडत नाही). नायक तांजिरोला गाडीत झोप लागते आणि स्वप्नात त्याचं मेलेलं सगळं घर जिवंत असतं. बर्फ पडलाय, भावंडं खेळतायत, आई आहे. हे स्वप्न आहे हे त्याला कळतं आणि निघावं लागतं. धाकटा भाऊ मागून रडत हाका मारतो, आणि हा वळून न बघता बर्फातून चालत राहतो. पिक्चरमध्ये हे बघताना माझा श्वास अडकला होता. मालिकेत तेच बघितलं, तर जरा कुठे घशात आवंढा येतो तोवर भाग संपत आलेला असतो, नावं सरकायला लागतात, मग पुढच्या भागाची झलक, मग पुन्हा सुरुवातीचं गाणं. मी उठून कुकर बघून आले.

तर प्रश्न असा. याच मालिकेच्या 'इन्फिनिटी कॅसल' त्रयीतला दुसरा पिक्चर येईल तेव्हा तिघांनी मिळून थिएटरात जायचं ठरवलंय. नवऱ्याने पहिला सीझन जाता-येता बघितलाय, आता आगगाडीपाशी आलाय. त्याला काय दाखवू? लेक सात भागांवर अडून बसलाय, मी पिक्चरवर. घरात दोन पक्ष पडलेत.

आणि दुसरं, लेकाकडे आता बाकीच्या पिक्चरांची यादी तयार आहे. त्यातलं कुठलं मालिका न बघता बघितलं तर चालेल? सगळ्या मालिका बघायच्या म्हटलं तर मला नोकरी सोडावी लागेल.

रात्रपाळी:
पिक्चर. डोळे झाकून पिक्चर. नंतर सात भागांतला फक्त पहिला भाग दाखवा, तेवढाच नवीन आहे. बाकीचे सहा भाग म्हणजे पिक्चरच कापून वाढलाय, जरा इकडेतिकडे भर घालून. पिक्चर जपानात ऑक्टोबर २०२० मध्ये आला, सात भाग २०२१ च्या ऑक्टोबरपासून. पुष्कळांना उलटं वाटतं, की मालिका आटवून पिक्चर केला. इथे पिक्चर आधीचा आहे.

चिंगी:
मी लेकाच्या पक्षात! पहिल्या भागाला 'फक्त' म्हणू नका हो. पिक्चरमध्ये तो तलवारबाज रेंगोकू पहिल्यांदा दिसतो तेव्हा डब्यांचा ढीग लावून जेवत असतो आणि दर घासाला "उमाई!" (म्हणजे 'काय चव आहे!') म्हणून ओरडतो. बघणारा हसतो, वेडा आहे म्हणतो. ते डबे आले कुठून हे पहिल्या भागात आहे. स्टेशनावर डबे विकणारी एक मुलगी आणि तिची आजी. ते बघून मग गाडीत चढलात की त्या "उमाई"ला हसू येतं पण वेगळं. माणूस आधी कळला तर पुढचं जास्त लागतं, साधी गोष्ट आहे.

रात्रपाळी:
चिंगी, उलट. आधी वेडा वाटला पाहिजे. मग पुढे जे होतं ते होतं आणि तेव्हा आपल्याला आपल्या हसण्याची लाज वाटते. डबे कुठून आले ते नंतर कळलं तर दुप्पट लागतं. मी तसंच बघितलं.

पेन्सिलवाला:
ताई, तुमच्या कुकरमध्येच उत्तर आहे. मी ॲनिमेशनमध्येच काम करतो (आपल्याकडचं, जपानी नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीव्हीचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. त्यात सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट, शिवाय झलक. म्हणजे हातात वीसेक मिनिटं. त्यात मध्येच जाहिरातीसाठी एक खाच ठेवायची. मालिका लिहिणारा माणूस या खाचा धरूनच लिहितो: विसाव्या मिनिटाला काहीतरी लटकतं ठेवायचं म्हणजे लोक पुढच्या आठवड्यात येतात. जी गोष्ट तशी बेतलेली असते ती तशीच बघावी. पण 'मुगेन ट्रेन' बेतली पिक्चर म्हणून. गाडी सुटते, अंधार, झोप, स्वप्नं, जाग, मारामारी, पहाट. एका रात्रीची गोष्ट आहे आणि ती गाडी मध्ये कुठेही थांबत नाही. तिचे भाग पाडले म्हणजे विनाथांबा गाडीची पॅसेंजर केली. दर वीस मिनिटांनी स्टेशन, चायवाला, आपण खाली उतरून पाय मोकळे करतो. तुम्ही कुकरसाठी उतरलात.

चित्रांचं म्हणाल तर एरवी टीव्ही आणि पिक्चर यांत डोळ्यांना फरक दिसतो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, पण टीव्हीसाठी तेवढी चित्रं कोणी काढत नाही. एकेक चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ नाहीतर ८. बोलण्याच्या प्रसंगात तर नुसते ओठ हलतात. पिक्चरला वेळ जास्त मिळतो, तिथे हात सैल सोडतात. पण युफोटेबल या स्टुडिओने टीव्हीच्या २६ भागांतच इतकं काम करून ठेवलं होतं की तुम्हाला उडी जाणवली नाही. एकोणिसावा भाग आठवा, कोळ्याच्या जाळ्यातला. तो थिएटरात लावला असता तरी खपला असता.

आवाज हा मुद्दा राहिलाच. पिक्चरचं मिश्रण थिएटरसाठी असतं. घरी टीव्हीच्या स्पीकरवर ते वाया जातं. यजमानांना दाखवताना दिवे घालवा आणि आवाज वाढवा. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

टोकियोकर:
२०२० च्या ऑक्टोबरात मी इथेच होतो. करोनाने थिएटरं ओस पडलेली, दुसरे मोठे पिक्चर फारसे नाहीत, आणि हा आला. शिंजुकूच्या एका थिएटरात पहिल्याच दिवशी ४२ खेळ होते. चाळीस आणि दोन! वेळापत्रकाचा फोटो सगळीकडे फिरला, लोक म्हणत होते हे सिनेमाचं नाही, लोकलचं टाइमटेबल आहे. आणि पिक्चर आगगाडीचा. पुढे याने 'स्पिरिटेड अवे' या पिक्चरचा जपानातल्या कमाईचा विक्रम मोडला, २००१ पासून कोणाला हात लावता आला नव्हता तो.

सगळ्या पिक्चरांना हा नियम लावू नका मात्र. इथे टीव्ही मालिकेवरचा पिक्चर म्हणजे पूर्वापार सुट्टीतली सहल. 'ड्रॅगन बॉल झी'चे जुने पिक्चर बघा, पाऊण तासाचे, तासाचे. शाळेच्या सुट्ट्यांत चारपाच कार्टूनं एकत्र लावायचे, त्यातलं हे एक. कथेत कुठे बसतात म्हणून शोधायला गेलात तर बसतच नाहीत. नवा खलनायक येतो, मार खातो, जातो, आणि सोमवारी मालिकेत त्याचं कोणी नावही काढत नाही.

तुमच्या लेकाला डोरेमॉन माहीत असेलच. १९८० पासून त्याचे पिक्चर येतायत. मालिकेत जियान नोबिताला बदडतो, पिक्चरमध्ये तोच जीव धोक्यात घालून नोबिताला वाचवतो. इथे त्यावर कायमचा विनोद आहे, एखादा दांडगा माणूस अचानक चांगलं वागला की 'पिक्चरमधला जियान' म्हणतात. आमच्या ऑफिसात एक साहेब वर्षातून एकदा जियान होतात, पगारवाढीच्या आधी.

बाळासाहेब_नाही:
घरातल्या मोठ्या माणसांनी कार्टून बघून रडायचं म्हणजे कमाल आहे.

रात्रपाळी:
@बाळासाहेब_नाही, तुम्ही पिक्चर बघा आणि मग या. रुमाल आणा.

जुनाट:
रात्रपाळी, जाऊ दे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे या.

'जुजुत्सु कायसेन शून्य' मालिकेच्या आधीची गोष्ट आहे, नायकही वेगळा. कोरी पाटी घेऊन बसलात तरी चालतं. 'वन पीस फिल्म रेड' मूळ कथेच्या बाहेर आहे. गाणी ऐकायला बसा, हजारभर भाग बघायची गरज नाही, पण जहाजावरची मंडळी कोण हे लेकाकडून आधी ऐकून घ्या. 'चेनसॉ मॅन'चा रेझेवाला पिक्चर मात्र थेट पुढचा अध्याय, आधी १२ भाग पाहिजेतच. तो लेकाबरोबर बघण्याआधी तुम्ही एकट्या बघा, एवढंच सांगतो.

आणि 'इव्हांगेलियन' यादीत असेल तर हात जोडून सांगतो, १९९७ चा 'एंड ऑफ इव्हांगेलियन' सुटा बघू नका. मालिकेचे २६ भाग बघितल्यावरसुद्धा मी तीन दिवस कोणाशी बोललो नव्हतो. न बघता बघितलात तर बोलाल, पण शिव्या द्याल.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार! पेन्सिलवाला, पॅसेंजरचं लेकाला वाचून दाखवलं. तो गप्प बसला, म्हणजे पटलंय.

एक राहिलं. सप्टेंबरात 'इन्फिनिटी कॅसल' आला तेव्हा लेक मामाबरोबर पहाटेच्या शोला गेला होता, मी नंतर दुपारच्या शोला. चित्रं बघून थक्क झाले. पण मारामारी ऐन रंगात आली की कोणाची तरी जुनी कहाणी सुरू. परत मारामारी, परत कहाणी. तिथे तर भाग पाडलेले नव्हते ना? मग मला का स्टेशनं लागल्यासारखी वाटली?

पेन्सिलवाला:
कारण ती तशीच आहेत. 'मुगेन ट्रेन'मध्ये एक गाडी आणि एक रात्र होती. इथे किल्ला एक, पण लढाया तीन, आणि प्रत्येकीला आपापला भूतकाळ. मूळ मांगात (जपानी चित्रकथेत) आठवड्याला एक प्रकरण छापून यायचं, तिथे हे शोभतं. स्टुडिओने त्याला फारसा धक्का न लावता १५५ मिनिटं मांडली. माझ्या मते हा ऐसपैस केलेला मालिकेचा ऐवज आहे, पिक्चर म्हणून कमी पडतो. पण शेवटच्या कहाणीत मीही रडलो, म्हणून फार बोलत नाही.

चिंगी:
ती शेवटची कहाणी कापली असती तर मी थिएटर जाळलं असतं.

कोर्टबाहेर:
यजमान खेळाचे शौकीन आहेत का? 'हायक्यू' दाखवा. व्हॉलीबॉल. चार सीझन मिळून ८५ भाग, आणि त्यावरचा पिक्चर बरोबर ८५ मिनिटांचा. अख्खा पिक्चर एकच सामना. शेवटचा गुण एका खेळाडूच्या डोळ्यांतून दिसतो, त्याचा श्वास, त्याचे हात, घामाने निसटणारा चेंडू. मी स्वतः तालुक्यापर्यंत खेळलोय, तळहात चुरचुरले. पण ८५ भाग न बघता गेलात तर दोन शाळांची पोरं चेंडू मारतायत, एवढंच दिसेल.

प्रश्नकर्ती:
अपडेट देते. शनिवारी रात्री दिवे घालवून पिक्चर लावला. काकूंना सांगून ठेवलं होतं, तर त्याच येऊन बसल्या. "उमाई"ला नवरा खो खो हसला (रात्रपाळी, एक गुण तुम्हाला). पिक्चर संपल्यावर काही न बोलता उठला आणि रात्री साडेबारा वाजता सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. काकू म्हणाल्या, त्या रानडुकराचं डोकं लावलेल्या मुलाची आई कुठे असते? मला सांगता येईना.

रविवारी डब्यांचा भाग दाखवला. सोमवारी दुपारी ऑफिसातून नवऱ्याचा मेसेज आला, एकच शब्द: उमाई. डब्यात दुधी होता.

आता पुढचे ११ भाग सुरू करतोय. रोज दोन बघायचे ठरलेत, काकू साडेनऊला येतात. त्यांना पहिला सीझन तोंडी सांगावा लागेल, की त्या २६ भागांचाही कोणी पिक्चर केलाय का?

जुनाट:
काही भाग जोडून विशेष भाग केलेत, पण ते काकूंच्या उपयोगाचे नाहीत. तोंडीच सांगा. गवार निवडता निवडता.