बॉलिंग बॉलच्या लेआउटवर एवढी डोकेफोड कशासाठी?

तिरपागोळा (न्यू जर्सी):
आमच्या लीगमध्ये आपली चार मराठी टाळकी आहेत आणि नवा बॉल घेतला की प्रत्येकाचा एकच घोष: पिन कुठे ठेवू? माझं म्हणणं, हौशी खेळाडूने लेआउटवर एवढा जीव पाखडू नये.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. बॉलच्या आत जड गाभा असतो, त्याचा माथा कुठे आहे ते बाहेरच्या छोट्या रंगीत ठिपक्यावरून कळतं. ती पिन. हातातून सुटताना बॉल ज्या आसाभोवती फिरतो, त्या आसाचं बाहेरचं टोक म्हणजे पीएपी. या दोन्हींच्या हिशेबाने बोटांची भोकं पाडायची, तो लेआउट. फिरताना बॉलचा आस सरकत जातो, तो फ्लेअर. पिन पीएपीपासून ३ पूर्णांक ३/८ इंचांवर ठेवली की फ्लेअर सर्वांत जास्त, म्हणजे दर फेरीला बॉलचा नवा, लेनवरचं ऑइल न लागलेला कोरडा भाग लेनला टेकतो. पावणेसात इंचांवर नेली की फ्लेअर जवळपास संपला.

इथवर सगळं मान्य. पण तोच बॉल ५००च्या पॅडने (पॉलिश पेपरसारखं; आकडा लहान तितकं खरखरीत) घासा आणि मग ३०००च्या पॅडने घासून पाहा. खरखरीत असताना लेनला लवकर धरतो, गुळगुळीत केला की लांब जाऊन वळतो. भोकं तीच! अमेरिकेतल्या बॉलिंगचे नियम ठरवणाऱ्या यूएसबीसी या संस्थेने बॉलच्या हालचालीचा अभ्यास केला, त्यातही पृष्ठभागाचा खरखरीतपणा सगळ्यांच्या वर निघाला. पॅड काही डॉलरचं. भोकं बुजवून पुन्हा ड्रिल करायचा खर्च विचारू नका.

दोनहाती:
साफ असहमत. पृष्ठभाग महत्त्वाचा, पण तो टिकतो कुठे? सकाळी ५००ने घासलेला बॉल काही गेम झाले की लेनवरच चकचकीत होतो. लेआउट मात्र आहे तिथेच राहतो.

माझ्याकडे एकाच मॉडेलचे दोन बॉल आहेत. एकाची पिन पीएपीपासून ४ इंच, दुसऱ्याची साडेपाच. दोन्ही एकाच दिवशी एकाच पॅडने घासले. टाकून परत आले की लेनवरच्या ऑइलच्या बॉलवर उमटलेल्या रिंगा बघा: पहिल्यावर एकमेकींपासून सुट्ट्या, दुसऱ्यावर दाटीवाटीने. पहिला मधल्या टप्प्यातच वळायला लागतो, दुसरा पुढे जाऊन. हे डोळ्यांनी दिसतं, त्याला अभ्यास कशाला हवा?

शिवाय १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने बॅलन्स होल बंद केलं. पूर्वी लेआउट फसला तर एक जादा भोक पाडून डागडुजी करता यायची. आता पहिल्याच फटक्यात नीट जमवावं लागतं. म्हणजे लेआउटचं वजन वाढलं की घटलं?

तिरपागोळा:
त्याच नियमात स्टॅटिक वजनाची, म्हणजे बॉलची एक बाजू समोरच्या बाजूपेक्षा किती जड चालेल याची, मर्यादा सगळ्या बाजूंना ३ औंस झाली. आधी बाजूला १ औंसाच्या वर चालत नसे आणि त्यावरून ड्रिलरांच्या केवढ्या गप्पा रंगायच्या! मर्यादा सैल झाली म्हणून कुणाचे बॉल वेडेवाकडे पळायला लागल्याचं दिसलं नाही.

आणि रिंगा सुट्ट्या दिसल्या म्हणजे हुक (बॉलचं वळण) तेवढ्या पटीत वाढला असं नाही. दर फेरीला कोरडा भाग मिळाला की काम झालं. त्यापुढचा फ्लेअर फक्त फोटोत छान दिसतो.

दोनहाती:
हे सिमेट्रिक, म्हणजे सगळीकडून सारख्या गाभ्याच्या, बॉलपुरतं ठीक. असिमेट्रिकमध्ये मास बायस, म्हणजे गाभ्याची जड बाजू, कुठे ठेवला यावर बॉल किती लवकर घसरणं सोडून रोलमध्ये येतो ते ठरतं. बॉल डिझायनर मो पिनेल यांची लेआउट आखायची दुहेरी कोनाची पद्धत काय उगाच एवढी पसरली? आणि तुम्ही हाऊस पॅटर्नवर, म्हणजे लेनवर ऑइल पसरायच्या नेहमीच्या सोप्या पद्धतीवर, खेळता राव. मधे ऑइल दाट, कडेला कोरडं. तिथे चुकलेला बॉलही परत येतो. चुकीला माफी नसलेल्या स्पोर्ट पॅटर्नवर या, मग बोलू.

मॉलवाला (पुणे):
आम्ही मॉलमध्ये रॅकवरचा बॉल उचलतो. अंगठा आत गेला तर तोच आमचा लेआउट. चालू द्या, वाचतोय.

टकटक:
दोघंही भोकांच्या आतलं विसरताय. अंगठा सैल असेल तर माणूस बॉल आवळून धरतो, दर वेळी वेगळा सुटतो आणि पीएपीही ठिकाणावर राहत नाही. मग इंचाच्या आठव्या भागाची चर्चा कशाला? पीएपी मोजून झाला असेल तर तिथे पांढऱ्या टेपचा तुकडा लावा आणि सुटतानाचा व्हिडिओ काढा. टेप सुरुवातीला जागच्या जागी दिसली पाहिजे, गोल फिरली तर माप चुकलंय.

लेआउटचा एक उपयोग मात्र नक्की आहे. रिंगा भोकांवरून जायला नकोत. गेल्या तर लेनवर टक-टक ऐकू येतं आणि बॉल नेमका तिथेच अडखळतो.

तिरपागोळा:
हे मान्य. रिंगा भोकांपासून लांब, अंगठा नीट, पिन चार ते पाच इंचांत कुठेही, आणि उरलेले पैसे पॅडवर. दोनहाती, स्पोर्ट पॅटर्नचं आमंत्रण घेतलं. फक्त दोघांनी एकच बॉल टाकायचा आणि घासायचा मी.

दोनहाती:
तुमची भोकं माझ्या बोटांना बसणार आहेत का? आणि मी दोन्ही हातांनी, अंगठा न घालता टाकतो; अंगठ्याचं भोक असून मी अंगठा घातला नाही तर नियमाने तेच बॅलन्स होल ठरेल. आपापले बॉल आणू, पॅड एकच वापरू.