टेरी अर्विनचा ३ कोटींचा आकडा चुकला, तरी त्याचं एवढं नाव का? (भुंगेऱ्यांवर काम करायचंय)

ओलीमाती:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, एमएस्सी झूलॉजी दुसरं वर्ष. प्रोजेक्टला भुंगेरे घ्यायचे ठरवलंय पण घरी आणि डिपार्टमेंटमध्ये सगळे एकच म्हणतात, नुसत्या वर्गीकरणात काय ठेवलंय, डीएनएचं काहीतरी कर. वाचायला बसलं की टेरी अर्विन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाचं नाव सारखं समोर येतं, त्याने १९८२ साली सांगितलं की उष्ण प्रदेशात संधिपादांच्या (कीटक, कोळी वगैरे जोडलेल्या पायांचे प्राणी) ३ कोटी जाती असतील, आणि लगेच पुढे लिहिलेलं असतं की आकडा फारच जास्त निघाला. मग हा माणूस एवढा मोठा कशामुळे? कुणी नीट सांगेल का?

दगडाखाली:
ताई, तो आकडा म्हणजे त्याच्या कामाचा एक छोटा तुकडा, दोन पानी लेख होता तो. माणूस मुळात कॅराबिडवाला, म्हणजे जमिनीवर पळणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांच्या कुळाचा अभ्यासक. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात जॉर्ज बॉलकडे पीएचडी केली ती बॉम्बार्डियर भुंगेऱ्यांवर, म्हणजे धोका वाटला की पोटाच्या टोकातून उकळतं रसायन फट्कन सोडणारे. आपल्याकडेही त्यांचे भाऊबंद आहेत, पावसाळ्यात दगड उचलला आणि हाताने पकडायला गेलात की चटका बसतो आणि बोटं तपकिरी होतात, तो डाग काही दिवस जात नाही. अर्विनने उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या या गटाची सगळी मांडणी नव्याने केली, १९७० ला ते छापून आलं आणि त्याच वर्षी तो वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात लागला, मग २०२० मध्ये जाईपर्यंत तिथलाच. म्हणजे ५० वर्षं एकाच कुळावर!

आणि नुसती नावं ठेवत बसला नाही. कोण कुणाचा नातेवाईक, कोण कुठे राहतो हे बघताबघता त्याने उत्क्रांतीबद्दल टॅक्सन पल्स नावाची कल्पना मांडली. सोप्पं करून सांगायचं तर उष्ण प्रदेशात पाण्याकाठच्या ओल्या जागी, काहीही खाऊन राहणारे पूर्वज, तिथून लाटेमागून लाट बाहेर पसरते, कोणी डोंगरावर जातं, कोणी झाडावर चढतं, आणि जितकं लांब जाल तितकं राहणं-खाणं ठरावीक होत जातं. नीट लावलेलं वर्गीकरण हाताशी नसेल तर असलं काही सुचणारच नाही.

शेंड्यावरचा:
वरच्यांशी सहमत, पण आकड्याला छोटा तुकडा म्हणू नका हो. तो कसा काढला ते बघा. पनामात ल्युहिया सीमानी या एकाच जातीची १९ झाडं, त्यांच्या शेंड्यात कीटकनाशकाचं धुकं सोडलं आणि खाली पडलेलं सगळं गोळा केलं. विव्हिल (सोंडेवाले भुंगेरे) धरून भुंगेऱ्यांच्या साधारण १,२०० जाती निघाल्या. त्यातल्या १६३ फक्त त्याच झाडाच्या असतील असा अंदाज धरला, गुणिले उष्ण प्रदेशातली ५०,००० जातींची झाडं, झाले ८१ लाख ५० हजार. संधिपादांत भुंगेरे ४० टक्के म्हणजे शेंड्यात २ कोटी, जमिनीवरचे अजून १ कोटी. झाले ३ कोटी. घसरलं कुठे, तर १६३ वर. २००२ ला न्यू गिनीतल्या अभ्यासात दिसलं की पानं खाणारे कीटक एकाच झाडाला इतके चिकटून नसतात, तिथून अंदाज ४० ते ६० लाखांवर आला. पण पायऱ्या सगळ्या उघड मांडल्या होत्या म्हणूनच कुठली चुकली ते दाखवता आलं. आणि त्याच्याआधी लोक साधारण १५ लाख धरून चालले होते, शेंड्यात काय आहे ते बघायला फारसं कोणी गेलं नव्हतं!

टाचणी_नंबर_तीन:
मी १२ वर्षं नमुने लावतोय म्हणून टेबलावरचं सांगतो. त्या १,२०० जाती वेगळ्या आहेत हे कुणीतरी एकेक भुंगेरा भिंगाखाली धरून ठरवावं लागतं. वरून दोन भुंगेरे अगदी सारखे दिसतात, मग गरम पाण्यात मऊ करायचे, बारीक आकड्याने नराचं जननांग ओढून काढायचं, साफ करायचं, तेव्हा कळतं की टोकाचा बाक वेगळा आहे. एका नमुन्याला अर्धा तास कुठेच गेला नाही. अर्विनने आग्रा नावाच्या प्रजातीवर (जीनस, म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट) असं अफाट काम केलंय (आपल्या आग्र्याचा काही संबंध नाही, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या रानात शेंड्यावर राहणारे लांब मानेचे भुंगेरे). एकाच्या मधल्या पायांच्या मांड्या भरदार म्हणून त्याला हॉलिवूडच्या श्वार्झनेगरचं नाव दिलं.

आणि काय उरलंय विचारणाऱ्यांना सांगा, भारतातल्या कॅराबिडवर अँड्र्यूजचे खंड १९२९ आणि १९३५ चे आहेत, ओळख पटवायला अजून तेच उघडावे लागतात. डीएनए जरूर करा पण तो कुणाचा हे सांगायला नाव लावलेला नमुना लागतोच. एका कॉलेजात मी जुनं कपाट उघडलं तर आत नुसत्या टाचण्या आणि भुसा, डरमेस्टिडच्या (वाळलेले नमुने खाणारे भुंगेरे) अळ्यांनी सगळं संपवलेलं, चिठ्ठ्या तेवढ्या शिल्लक. पोटात कालवलं अक्षरशः.

ओलीमाती:
खूप खूप आभार सगळ्यांचे. टाचणी दादा, मग सुरुवात कॅराबिडनेच करू का? आमच्याकडे भिंग साधंच आहे.

टाचणी_नंबर_तीन:
करा. जमिनीत ग्लास पुरून सापळे लावा, वर छोटं छप्पर द्या नाहीतर पावसाने भरतात. चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख, कुणी पकडला हे त्याच दिवशी लिहा, रात्री घरी आल्यावर सुद्धा उशीर झालेला असतो. पहिले २० नमुने लावून झाले की फोटो टाका इथे.