आत्याची नक्कल, आणि तेंडुलकर: तुमचे अनुभव सांगा

तापीकाठची
दिवाळीची आवराआवर काढली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आत्याची दोनशे पानी वही निघाली. मला वाटलं हिशेबाची असेल. उघडली तर विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ नाटकातल्या लीला बेणारेची नक्कल! निळ्या शाईत तिचे संवाद, लाल शाईत आधीच्या पात्राचे शेवटचे दोन-तीन शब्द. शेवटच्या स्वगताच्या पानांना हाताचा घाम लागून शाई फुटलेली.

आत्या तेव्हा जळगावात शिक्षिका. राज्य नाट्य स्पर्धेसाठी तालमी चालू होत्या. बेणारेही शिक्षिकाच, लग्नाआधी दिवस राहिलेली, आणि खोट्या खटल्याच्या खेळात सगळे मिळून तिला खरंच आरोपी करतात. संस्थेतून निरोप आला, बाईंनी असली भूमिका करू नये. आजोबाही गप्प बसले. आत्याने नाटक सोडलं, नक्कल मात्र परत दिली नाही.

काल वही तिच्या हातात दिली. चष्मा न लावता तिने स्वगताची पहिली पाच-सहा वाक्यं म्हटली आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. तेंडुलकर तुमच्या घरात कसे आले, ते लिहा ना. नाटक, सिनेमा, कथा, काहीही.

भुसावळकर
वाचून गलबललो. त्या स्वगताआधी कोर्ट आरोपीला फक्त दहा सेकंद देतं. ती जे बोलते ते आपल्याला ऐकू येतं, बाकीची पात्रं गोठलेली असतात. आत्यांचंही तेच झालं की हो.

केळीबाग_रावेर
आमच्याकडे सिनेमातून आले. ‘सामना’ मी यात्रेतल्या तंबूत पाहिला, खाली रेतीवर बसून, वडिलांच्या मांडीला टेकून. साखर कारखान्याचा तो मालक पडद्यावर आला तसे बाजूचे दोन म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. वडील येताना बैलगाडीत एक शब्द बोलले नाहीत. नंतर कळलं, त्याच सालात सोसायटीच्या निवडणुकीत ते उभे होते. बाकी आज पाऊस आहे का कोणाकडे? घड कापायला आलेत.

धुळ्याची_लेक
साक्रीकडे नाही पाऊस दादा.
माझे पप्पा दूध संघात होते. ‘मंथन’ त्यांनी चार वेळा पाहिला. १९७६चा सिनेमा, गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून काढलेला. पटकथा तेंडुलकरांची हे मला कॉलेजात कळलं, पप्पांना सांगितलं तर म्हणाले, ‘नाटकवाल्या माणसाला फॅटचं माप कसं ठाऊक?’ तेंडुलकर म्हणजे चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला माणूस, बघूनच शिकला असणार सगळं.

तापीकाठची
@धुळ्याची_लेक पप्पा कसे आहेत आता?

धुळ्याची_लेक
गुडघे दुखतात, पण बरे आहेत ताई. विचारलंत, बरं वाटलं.

अमळनेरचा_मास्तर
लोक ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘सखाराम बाइंडर’वर थांबतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. या माणसाने मुलांसाठी ‘चिमणा बांधतो बंगला’ लिहिलंय! पाचवीच्या पोरांकडून बसवलं होतं. पुठ्ठ्याचा बंगला, खळ आणि वर्तमानपत्र. १९७२ साली दोन वादळी नाटकं आणणारा हाच माणूस, आणि ‘काचपात्रे’मधल्या कथाही त्याच्याच. त्यांच्याच पटकथेवरचा ‘अर्धसत्य’ सिनेमा पाहताना मला त्यांचं नाटकच आठवत होतं: माणूस कोंडला की हात कुठे उगारतो, हे त्यांनी सगळीकडे पाहिलं. कादंबरीकडे ते फार उशिरा वळले. मला नाटककारच जास्त भिडतो, हे प्रांजळपणे सांगतो.

पारोळा_७८
कितलं भारी लिखं ताई! डोयामा पानी उनं. आत्यास्ले मना नमस्कार सांगज्यात.

भुसावळकर
मास्तर, ‘उंबरठा’ राहिला. मूळ कादंबरी शांता निसळांची ‘बेघर’, पटकथा यांची. बायकोने पाहिला आणि दुसऱ्याच आठवड्यात बी.एड.चा फॉर्म आणला. मी सही केली. पोरगी दीड वर्षाची होती, आईने सांभाळली. यंदा बायको मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली.

केळीबाग_रावेर
वहिनींचं अभिनंदन! भरिताला बोलवा आता. बामणोदची वांगी मी आणतो.

नवीन_सभासद
नक्कल म्हणजे काय? कॉपी का?

अमळनेरचा_मास्तर
पूर्ण संहिता एकट्या दिग्दर्शकाकडे असायची. नटाने त्यातून आपल्या वाट्याचं उतरवून घ्यायचं, ती नक्कल. उतरवतानाच निम्मं पाठ होई. म्हणून तर आत्यांना चष्मा लागला नाही.

तापीकाठची
सगळ्यांचं आत्याला वाचून दाखवलं. पारोळ्याच्या नमस्कारावर ‘जगत राह्य भाऊ’ म्हणाली. तिला सांगितलं की हे नाटक तेंडुलकरांना रस्त्यात भेटलेल्या हौशी मंडळींवरून सुचलं, पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला निघाले होते ते. तर म्हणाली, आमच्यासारखेच. रविवारी घरीच वाचन ठेवलंय, बेणारे आत्या. खटल्यातल्या न्यायाधीश काशीकरांना आवाज हवाय. मास्तर, अमळनेरहून सकाळच्या गाडीने येता का?

अमळनेरचा_मास्तर
येतो. माझी नक्कल काढून ठेवा.