केगलची घाई नको

ओटीपोटाच्या जुन्या दुखण्यावर ‘रोज शंभर केगल करा’, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडा, असं सुचवलं जातं. ते सरसकट करू नका. बऱ्याच जणींचे तळाचे स्नायू ढिले नसतात, आखडलेले असतात. ते आणखी आवळले की कळ आणि लघवीची घाई वाढते.

आधी सैल सोडायला शिका. उताणं झोपा, गुडघ्यांखाली उशी, हात पोटावर. ४ सेकंद श्वास घेताना पोट आणि बैठकीची जागा आपसूक फुगू द्या, ६ सेकंदांत सोडा. ५ मिनिटं, दोन वेळा. गडबड इथेच होते: बायका कुंथतात. जोर अजिबात नको. मग बालासन (गुडघे दुमडून टाचांवर बसून पुढे वाकणं), ३० सेकंद, तीनदा. भातलावणीत वाकून किंवा विळीवर बसून मांड्या, कंबरही आखडते, मधूनमधून उठा.

योनीमार्गातून या आखडलेल्या स्नायूंवर दाब देण्याचं काम प्रशिक्षित फिजिओचंच, तेही तुमच्या संमतीने. दुखणं दहापैकी चारच्या वर गेलं तर थांबायला सांगा. रत्नागिरी-कुडाळकडे चौकशी करताना ‘पेल्विक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) काम करता का?’ असं स्पष्ट विचारा. नुसता शेक-करंट पुरत नाही. फरक पडायला काही आठवडे लागतात.

ताप, वजन घटणं किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ.