मदत हवी आहे : हॉकर टायफूनची शेपटी नेमकी कशी तुटायची?

नमस्कार मंडळी. हॉकर टायफून या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/४८ प्रमाणातलं मॉडेल करायला घेतलंय, १९४२ सालचं, मोटारीसारखं दार असलेलं. त्या निमित्ताने वाचत गेलो आणि अडकलो.

१९४१ मध्ये विमान ब्रिटिश हवाई दलात (आरएएफ) दाखल झालं तेच घाईत. २४ सिलिंडरचं सेबर इंजिन वरचेवर बंद पडायचं, कॉकपिटमध्ये कार्बन मोनॉक्साईड शिरायचा, म्हणून वैमानिक इंजिन सुरू केल्यापासूनच ऑक्सिजन मास्क लावून बसायचे. एवढं पुरे नव्हतं म्हणून की काय, उडता उडता शेपटीच निखळायची! ऑगस्ट १९४२ मध्ये हॉकरचा चाचणी वैमानिक केनेथ सेथ-स्मिथ असाच गेला. मग शेपटीच्या सांध्याभोवती धातूच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकल्या, तरी अपघात पूर्ण थांबले नाहीत. पुढे बोट गेलं ते एलिव्हेटरच्या (शेपटीवरची, विमानाचं नाक वर-खाली करणारी हलती पाती) तोल-वजनाकडे.

एरोनॉटिकल वाल्यांनो, हे वजन सुटल्यावर फ्लटर (हवेच्या माऱ्याने वाढत जाणारी थरथर) इतका जोरात का होतो, सोप्या मराठीत सांगाल का? आणि एकमेव पूर्ण शिल्लक टायफून, आरएएफ म्युझियमचं एमएन२३५, कोणी पाहिलं असेल तर त्या पट्ट्यांचे जवळून काढलेले फोटो प्लीज टाका. किटमधल्या पट्ट्या मला फारच जाड वाटतायत.